कारगिलनंतरची १९९९ ची निवडणूक : सातारा-सांगलीकरांचे अनुभव

एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले, मे ते जुलै कारगिलची लढाई झाली आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राने लोकसभा व विधानसभा यांसाठी एकत्र मतदान केले. फौजेची परंपरा असलेल्या आपल्या भागात त्या मतदानावर युद्धाचा प्रभाव कितपत होता, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांनी लिहावे. पक्षप्रचार मात्र नको.

सातारा तालुका, निवृत्त जवानाची पत्नी
माझे यजमान त्या वर्षी कारगिलच्या आघाडीवर द्रासच्या बाजूला तैनात होते. गावात सभा झाली की वक्ते जवानांचा जयजयकार करीत, टाळ्याही पडत. परंतु ज्याच्या नावाने मते मागितली जात होती, त्याचे स्वतःचे मत पेटीपर्यंत पोहोचेल का, असा प्रश्न एकाही व्यासपीठावरून कोणी विचारला नाही. त्या वेळी सैनिकाला टपालानेच मतदान करावे लागे : उमेदवारांची नावे निश्चित झाल्यावर मतपत्रिका छापायच्या, त्या सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत (जवानांच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) युनिटकडे जायच्या, तेथे अधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्रावर सही करून पाकीट परत पाठवायचे आणि ते मतमोजणी सुरू होण्यापूर्वी पोहोचले तरच मोजले जायचे. मोजणी ६ ऑक्टोबरला झाली. यजमानांच्या हाती पाकीट पडले ते त्यानंतर. ते रजेवर आल्यावर सासूबाईंनी ‘कुणाला दिलंस रं मत?’ असे विचारले, तेव्हा ते नुसते हसले.

कराड, निवृत्त शिक्षक
बाहेरच्या लेखकांनी त्या निवडणुकीला कारगिलची निवडणूक म्हटले, तरी आमच्याकडे ती दोन काँग्रेसची निवडणूक होती. १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि तीनच दिवसांनी कारगिलमधले तोलोलिंग शिखर जिंकल्याची बातमी आली. पारावर तोलोलिंगचा विषय चहा संपेपर्यंत चाले. पुढचा सगळा वेळ कारखान्याचा कोणता संचालक कोणाकडे गेला, यात जाई. याचा अर्थ लोकांना युद्धाचे काही वाटत नव्हते असा नाही. शहीद जवानांचे पार्थिव गावोगाव पोहोचत होते, दूरचित्रवाणीवर लढाई घरात आली होती, आणि शाळेत मुलांनी जवानांसाठी निधीही गोळा केला होता. मात्र मदत देणारा हात आणि मत देणारा हात यांचे हिशेब वेगळे होते. लोकसभेला कराडमध्ये श्रीनिवास पाटलांनी काँग्रेसच्या पृथ्वीराज चव्हाणांना हरवले, साताऱ्यात लक्ष्मणराव पाटील निवडून आले, दोघेही राष्ट्रवादीचे. देशातही भाजपच्या जागा १९९८ प्रमाणेच १८२ राहिल्या, हे युद्धाची लाट सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तासगाव
आमच्या सांगली जिल्ह्यात लोकसभेला काँग्रेसचे प्रकाशबापू पाटील आणि विधानसभेला तासगावात राष्ट्रवादीचे आर. आर. पाटील निवडून आले. वसंतदादांचे (प्रकाशबापूंचे) घराणे आणि आबा म्हणजे आर. आर., एवढेच आमच्या गल्लीत बोलले जात असे.

मिरज, जवानाचा भाऊ
वरच्या ताईंच्या अनुभवाला एक पुरवणी जोडतो. २००३ मध्ये कायदा बदलला आणि सैनिकाला मतदारसंघात राहणारी व्यक्ती आपला प्रतिनिधी म्हणून नेमण्याची मुभा मिळाली. २००४ च्या निवडणुकीत धाकट्या भावाचे मत मी दिले. माझ्या मताची शाई तर्जनीला लागली आणि त्याच्या मताची मधल्या बोटाला, त्यामुळे केंद्राबाहेर दोन-तीन जणांनी मला दुबार मतदार समजून अडवले व नियम समजावून सांगेपर्यंत सोडले नाही.