मधुमेही पायांसाठी तापमान मोजणारा इनसोल: अनुदान कुठलं, आणि कोणत्या क्रमाने?

फोंडा_इलेक्ट्रॉनिक्स

नमस्कार. मधुमेही रुग्णांच्या तळपायाचं तापमान मोजणारा इनसोल (बुटात पायाखाली घालायचा तळ) करतो आहोत. प्रत्येक पायाला सहा एनटीसी थर्मिस्टर (तापमान वाढलं की रोध कमी होणारे सेन्सर, १० किलोओम), वाचन ब्लूटूथवरून मोबाइलवर. दोन्ही पायांच्या त्याच जागेत २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला की जखमेच्या धोक्याचा इशारा. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त. त्यामुळे गरजेबद्दल वाद नाही. टेबलावर सगळं चालतं, बुटात वाचन भरकटतं. दोघे इंजिनिअर आहोत, कंपनी अजून नोंदवलेली नाही.

अमेरिकेतल्या एसबीआयआर (लहान कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी निधी) योजनेला इथून अर्ज करता येतो का? नसेल तर थेट बायरॅकच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था) बिग अनुदानाकडे जावं की आधी लहान अनुदान घ्यावं? आणि कंपनी आत्ताच नोंदवावी का?

वेर्णा_प्रोटोटाइप

एसबीआयआर सोडून द्या. ती १९८२ च्या कायद्याने सुरू झालेली अमेरिकी योजना आहे. कंपनी तिथली हवी, निम्म्याहून अधिक मालकी तिथल्या नागरिकांची किंवा कायम रहिवाशांची हवी, आणि संशोधनही तिथेच व्हायला हवं. नातेवाइकाच्या नावावर कागदी कंपनी काढून काम फोंड्यात करणं नियमात बसत नाही. आपल्याकडे त्याच धर्तीची एसबीआयआरआय जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये आणली, पण ती कंपन्यांसाठी आहे आणि तुमच्या टप्प्याच्या पुढची आहे.

तुमच्यासाठी खरा प्रश्न क्रमाचा आहे, आणि बहुतेक जण इथेच अडकतात. स्टार्टअप इंडिया सीड फंडात प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण अट अशी की इतर केंद्र वा राज्य योजनांतून १० लाखांहून जास्त आर्थिक मदत आधी घेतलेली नसावी. स्पर्धेची बक्षिसं आणि सवलतीची जागा यात धरत नाहीत. म्हणजे आधी बिगचे ५० लाखांपर्यंतचे पैसे घेतलेत तर हे दार बंद. उलट आधी निधी-प्रयास या केंद्राच्या प्रोटोटाइप योजनेचे १० लाखांपर्यंत घेतले तर दार उघडं राहतं. सीड फंड २०२१ मध्ये चार वर्षांसाठी मंजूर झाला होता, तेव्हा पोर्टलवर सध्या अर्ज घेतात का ते आधी पाहा.

कंपनीची घाई नको. सीड फंडात अर्जाच्या दिवशी कंपनी दोन वर्षांहून जुनी चालत नाही. प्रयास आणि बिगला एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. नोंदवाल तेव्हा डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग विभाग) स्टार्टअप म्हणून मान्यता लगेच घ्या.

फातोर्ड्याला डॉन बॉस्को इंजिनिअरिंग कॉलेजातलं फायर आणि झुआरीनगरला बिट्सच्या आवारातलं इन्क्युबेटर, नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या या दोन्ही केंद्रांत जाऊन त्यांच्यामार्फत आत्ता कोणती योजना चालू आहे ते विचारा. बिगचे अर्ज साधारण वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत निघतात. पुण्याचं व्हेंचर सेंटर बिगच्या भागीदार संस्थांपैकी एक.

सेन्सर_मडगाव

बुटातल्या भरकटण्याबद्दल. हे अनुदानाच्या अर्जातही येतं, म्हणून इथेच लिहितो.

३० अंशांना तुमचा थर्मिस्टर साधारण ८ किलोओम दाखवतो. घामातल्या मिठामुळे तारांमध्ये १ मेगओमची विद्युत गळती समांतर आली तर रोध सुमारे ०.८ टक्के कमी होतो. रोध कमी म्हणजे तापमान जास्त. वाचन जवळपास ०.२ अंशांनी वर सरकतं, आणि एकाच पायात सरकलं तर फरक खोटा. गळती वाढून तिचा रोध १०० किलोओमवर आला तर चूक दीड अंशाच्या पुढे जाते. मग २.२ च्या मर्यादेला अर्थ राहत नाही. पावसाळ्यात गोव्यात हे होणारच. जोड आणि तारा सिलिकॉनमध्ये पूर्ण बंद करा. बोटांच्या मुळाशी इनसोल जिथे वाकतो तिथे सोल्डर अजिबात नको, तुटतं तिथेच. बाराही सेन्सर २५ ते ४० अंशांच्या पाण्यात एकाच वेळी बुडवून आपापसातला फरक ०.२ च्या आत आणा.

अर्जाचा गाभा हाच ठेवा: 'घामट बुटात आठ तासांनंतरही सेन्सरमधला आपापसातला फरक ०.२ अंशांच्या आत राहतो का?' तपासता येईल असा एक प्रश्न. परीक्षकाला ॲप, क्लाउड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता एकदम दाखवलीत तर नेमकं काय सिद्ध करणार हे त्याला कळत नाही, आणि अर्ज तिथेच मागे पडतो. टप्पेही असेच मोजता येतील असे लिहा, कारण पुढचा हप्ता टप्प्यावर मिळतो. 'उपकरण सुधारणे' हा टप्पा नव्हे.

बांबोळी_क्लिनिकल

माणसांच्या पायात घालण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, निरोगी स्वयंसेवक असले तरी. त्यात महिने जातात; १८ महिन्यांच्या बिगमध्ये हा वेळ धरला नाही तर शेवटचा टप्पा हुकतो. चाचणीसाठी थोडी उपकरणं बनवायला २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली सीडीएससीओकडे (केंद्रीय औषध नियामक) एमडी-१२ नमुन्यात अर्ज, परवाना एमडी-१३ नमुन्यात. तुमचं उपकरण कोणत्या वर्गात बसतं ते त्यांच्या यादीत आधी बघा. पायाला संवेदना नसलेल्या रुग्णाला इनसोलची कडा टोचलेली कळत नाही, हे सुरक्षेच्या प्रकरणात स्वतः लिहा. कमिटी पहिला प्रश्न तोच विचारते.

म्हापसा_लेखा

पैसे आल्यावरच्या चुका जास्त महागात पडतात. अनुदानासाठी स्वतंत्र बँक खातं ठेवा, त्यातून दुसरा एकही खर्च नको. व्याज तुमचं नसतं, ते हिशेबात दाखवून परत करावं लागतं. मंजुरीपत्राच्या तारखेआधीची बिलं लावू नका. मनुष्यबळाचे पैसे उपकरणांकडे वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी. कोटेशन जीएसटीसकट घ्या, नाहीतर बजेट १८ टक्क्यांनी तोकडं पडतं. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच वापरले याचा दाखला) सीएच्या सहीने वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता थांबतो.

फोंडा_इलेक्ट्रॉनिक्स

मनापासून आभार. मग प्रयास आधी, कंपनी त्यानंतर. पेटंट केव्हा?

वेर्णा_प्रोटोटाइप

कुठल्याही प्रदर्शनात किंवा स्पर्धेत दाखवण्याआधी. तात्पुरता अर्ज मुंबई पेटंट कार्यालयात ऑनलाइन होतो. व्यक्ती आणि स्टार्टअप दोघांनाही शुल्क सवलतीचं, १६०० रुपये. पूर्ण तपशील त्यानंतर १२ महिन्यांत द्यावा लागतो, म्हणून घामाची चाचणी त्या वर्षात संपवा. सिलिकॉनने बंद करण्याची पद्धत चालली तर दावा तिच्यावरही करता येईल.