तारे टिंबांसारखे का येत नाहीत? दव, फोकस आणि एक्सपोजरबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. आमच्याकडे शेतीची वीज बरेच दिवस रात्रीचीच असते, त्यामुळे हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मध्यरात्री वावरात जावे लागते, आणि मोटार सुरू असेपर्यंत धुऱ्यावर ट्रायपॉड लावून मी दोन महिन्यांपासून आकाशाचे फोटो काढत आहे. जुना क्रॉप सेन्सरचा (सेन्सर लहान असल्याने दृश्य १.५ पट जवळचे येते असा) कॅमेरा आणि त्याच्यासोबतची १८-५५ मिमीची लेन्स, एवढेच साहित्य आहे. अंधार भरपूर आहे. कृत्तिकांचा पुंजका नुसत्या डोळ्यांनी लख्ख दिसतो. फोटोत मात्र तारे फिसकटतात.

सुरुवातीला मी १८ मिमी, एफ ३.५ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे तोंड किती उघडे आहे), आयएसओ १६०० (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) आणि ३० सेकंदांचे एक्सपोजर ठेवत असे. मृगाच्या पट्ट्यातील तिन्ही तारे एकाच दिशेने ओढल्यासारखे आले, तर उत्तरेला ध्रुवाजवळचे तारे जवळजवळ गोल होते. पट्टा खगोलीय विषुववृत्ताजवळ असल्याने पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तेथे सर्वाधिक दिसतो, हे त्यावरून लक्षात आले. तारे ओढले न जाता किती वेळ एक्सपोजर ठेवता येईल याच्या पाचशेच्या ढोबळ नियमाने (५०० ला १८ गुणिले १.५ च्या गुणाकाराने भागून) सुमारे १८ सेकंद मिळतात, पण १५ सेकंदांचा फोटो मोठा करून पाहिला तरी तारे किंचित लांबटच आहेत, आणि वेळ आणखी कमी करून आयएसओ ३२०० केला की फोटोभर दाणे (नॉइज) येतात.

फोकसचे म्हणाल तर लेन्सवर अंतराच्या खुणा नाहीत. व्याधावर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य) दहापट मोठा करून, कडी हळूहळू फिरवत तारा सर्वांत लहान होईल तेथे थांबतो. हे जमते, पण अंधारात धक्का लागून कडी सरकते.

सर्वांत जास्त छळते ते दव. ओलिताच्या वावरात पहिले आठ-दहा फोटो स्वच्छ येतात, मग प्रत्येक ताऱ्याभोवती धुरकट वलय दिसू लागते, आणि बॅटरी मारून पाहिले तर पुढच्या काचेवर बारीक थेंबांचा थर बसलेला असतो. पुसावे म्हटले तर दुपट्टाही वापरता येत नाही, कारण हरभऱ्यातून चालताना त्याला आंब (हरभऱ्याच्या पानांवरचे आंबट पाणी) लागलेली असते. आई पहाटे पिकावर पांढरे फडके पसरून तीच आंब गोळा करते. इतके आंबट पाणी काचेच्या लेपाला लागू नये, याची मला धास्ती वाटते. शिवाय पुसलेली काच थोड्याच वेळात पुन्हा भरून येते.

महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा (रात्रीचे अंधारे आकाश जपलेल्या जागेचा) दर्जा मिळाला, म्हणून तेथे जाण्याचा सल्ला काही जण देतात. परंतु मला माझ्याच वावरातून हे साधायचे आहे.

जाणकारांना विनंती अशी की, विकतची हीटर पट्टी न घेता काच थोडी कोमट ठेवण्याचा सुरक्षित उपाय सांगावा. ट्रायपॉड उंच करून धुऱ्याच्या कोरड्या बाजूला नेल्याने फरक पडेल का? फोकसची कडी चिकटपट्टीने बांधणे योग्य ठरेल का? तसेच १० सेकंदांचे वीस-तीस फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढून एकत्र केल्यास दाणे पुरेसे कमी होतात, की आधी मोठ्या ॲपर्चरची लेन्सच घ्यावी? फेब्रुवारीअखेर पहाटे आग्नेयेला धनू रास वर येऊ लागेल आणि तिच्यासोबत आकाशगंगेचा मधला भाग दिसेल. त्याआधी निदान दवाचा प्रश्न सुटावा, अशी इच्छा आहे.