मोहोळ–सोलापूर रोजचं जाणं-येणं, अभ्यास कुठं बसवायचा?

एसटीपास: बी.एस्सी. दुसरं वर्ष, केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्स. स्टँडवर ताटकळणं धरून प्रवासात रोज अडीच-तीन तास जातात. संध्याकाळी जेवणाखेरीज हातात तीन तास. केमिस्ट्री वाचताना कळते, आठवड्यानं पाटी कोरी. टाइमटेबल चौथ्या दिवशी मोडतं. गाडीत वाचलं की मळमळतं. काय करावं?

जुनी_वही: आधी ते टाइमटेबल फाड. उशिरा आलेली गाडी त्यात धरलेलीच नसते, म्हणून मोडतं. तीन तास असतील तर दोनच बांध, तिसरा साचलेल्याला. आणि 'केमिस्ट्री ७ ते ८' असं लिहू नको. केमिस्ट्री कधी संपते का? 'एसएन-१ आणि एसएन-२ या दोन अभिक्रियांतला फरक, न बघता, एक पान' असं लिही, म्हणजे झालं की खूण करता येते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत दोन संध्याकाळी कोऱ्याच ठेव, नाहीतरी जाणारच आहेस.

विसरण्याचं म्हणशील तर परत परत वाचून फक्त ओळख वाढते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. दोनदा वाचलेल्या उताऱ्यातलं आठवड्यानं ४२ टक्के आठवलं, एकदा वाचून न बघता लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा मात्र दोनदा वाचलेलंच पुढं होतं, ८१ विरुद्ध ७५. पुस्तक मिटताना 'आलं' वाटतं ते यामुळंच.

एसटीपास: मग गाडीत न बघता आठवायचं कशावरून?

सातरस्ता_सायन्स: कार्डं कर. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू पत्त्याएवढी काप, कागद जाड असतो, खिशात चुरगळत नाही. एका कार्डावर एकच प्रश्न. 'क्लोरोबेंझीनवर टीप' हे कार्ड नव्हे. 'क्लोरोबेंझीनमधला क्लोरीन सहजी का निघत नाही?' हे कार्ड. मागं दोन ओळी: रेझोनन्समुळं कार्बन-क्लोरीन बंध थोडा दुहेरी होतो, कार्बन एसपी-टू, म्हणून बंध आखूड नि घट्ट.

मिठाईची तीन खोकी घे. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्यानं. बरोबर आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. लाइटनरची पद्धत म्हणतात. नवी कार्डं रोज आठ-दहाच. उत्साहात पंचवीस केलीस तर तिसऱ्या दिवशी पहिल्या खोक्यात साठ-सत्तर साचतात आणि सगळंच सुटतं.

मळमळीचं असं, की डोळ्यांपुढं पान स्थिर आणि कानाला गाडीचे हेलकावे. म्हणून प्रश्न एकदा बघ, उत्तर खिडकीबाहेर लांब बघत मनात जुळव, मगच कार्ड उलट.

पत्र्याची_खोली: घरी पोमोडोरो लाव की. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी.

जुनी_वही: कार्डांना चालेल, गणिताला नको. एप्सिलॉन-डेल्टाची सिद्धता निम्म्यात असताना गजर वाजला की परत धागा धरायलाच दहा मिनिटं जातात. तिथं पन्नास-दहा. सुट्टीत मोबाइल बाजूच्या खोलीत. रील उघडलं की पाचाची पंचवीस होतात.

पत्र्याची_खोली: हे पटलं. उन्हाळी परीक्षेचं वेगळं बसव बरं का. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली डोकं चालत नाही आणि स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला असतो. सिद्धता नि गणितं पहाटे साडेपाच ते आठ. दुपारी फक्त कार्डं, नाहीतर सरळ झोप.

एसटीपास: फिजिक्सची डेरिव्हेशन्स कार्डावर मावत नाहीत.

सातरस्ता_सायन्स: मावायला नकोतच. कार्डावर तीनच गोष्टी: सुरुवात कोणत्या समीकरणानं, गृहीत काय धरलं, नि आपण कुठल्या पायरीला घसरतो. श्रोडिंजरचं बॉक्समधल्या कणाचं घे. भिंतींवर वेव्ह फंक्शन शून्य हीच अट पोरं विसरतात, मग कोसाइनची टर्म का गेली ते सांगता येत नाही. अख्खं डेरिव्हेशन रविवारी एकदा, कोऱ्या पानावर, घड्याळ लावून. अडलास तर तिथं पेन्सिलनं रेघ मार, पुस्तक बघ, पुढं शाईचा रंग बदलून लिही. पुढच्या रविवारी रंग कुठं बदलला होता तेवढंच आधी बघायचं.