पुरात वरच्या मजल्यावर शिधा भरून टिकायचं, की इशारा पातळीलाच घर सोडायचं?

पंचगंगाकाठ
२०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा ३९ ला, धोका ४३ ला. तरी दर जुलैत आपली तयारी काय, तर दोन मेणबत्त्या आणि बिस्किटांचा पुडा.

माझं मत असं. ज्यांचा वरचा मजला २०२१ च्या खुणेच्या वर आहे, त्यांनी दहा दिवसांची सोय वर करावी आणि घरातच राहावं. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला की दूध, पेट्रोल, गॅस सगळं अडकतं. उपसा केंद्रं बुडाली की कोरड्या पेठांतले नळही बंद. पाहुण्यांकडे जाऊन टँकरच्या रांगेतच उभं राहायचं ना?

चौघांचा हिशेब: पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर, म्हणजे १६० लिटर, २० लिटरचे आठ जार. वापरायचं पाणी गच्चीवरच्या टाकीतलं. ५०० लिटरची असेल तर दिवसाला ५० लिटर. ३९ फुटांची बातमी आली की टाकी भरून खालच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करा. तिथला एखादा नळ उघडा राहिला तर टाकी गुपचूप रिकामी होते. जमिनीतल्या हौदावर भरवसा नको, झाकणातून गटार शिरतं. तांदूळ ८ किलो, मूगडाळ ३, शिवाय चुरमुरे, शेंगदाणे, गूळ. खिचडीला दोन शिट्ट्या आणि गॅस बंद, पुढचं कुकर बघतो.

नाल्याकडचा
दादा, हिशेब चोख आहे, पण संडास कुठाय त्यात? तळमजला बुडाला की ड्रेनेजचा पाइप पुराच्या पातळीपर्यंत भरलेला असतो. वरून ओतलेलं खालच्या भांड्यातून तुमच्याच घरात पसरतं. ते भांडं बोचकं कोंबून, वर वाळूचं पोतं ठेवून बंद केलंत तर मैला पाइपात बसतो आणि दोन-तीन दिवसांत वरचं भांडंही तुंबतं. चौघं माणसं, दहा दिवस. बोला.

दुसरं, शाहूपुरीत पाणी नदीकडून येत नाही, जयंती नाल्यातून मागून येतं. उंबऱ्याला पाणी दिसेपर्यंत गल्लीचं तोंड कमरेपर्यंत बुडालेलं असतं. नंतर बोट मागवायची ती अंधारात, विजेच्या तारांखालून. वरच्या अंगाला राधानगरी धरणाचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. कुणी तुमची सोय बघून उघडत नाही. म्हणून ३९ लाच निघायचं, ४३ ची वाट बघायची नाही.

जाताना मेन स्विच खाली. रेग्युलेटर काढून सिलिंडर वर न्या, नाहीतर जिन्याच्या गजाला बांधा. भरलेलं सिलिंडर बुडतं असा समज आहे, तो चूक. वजन तीसेक किलो आणि आकारमान ३३ लिटरच्या वर, त्यामुळं तेही तरंगतं आणि दारं-काचा फोडत फिरतं.

फ्यूजवायर
वादात पडत नाही, इन्व्हर्टरचं तेवढं सांगतो. १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, पण वापरलेल्या बॅटरीतून हजार मिळाले तरी पुष्कळ. दोन एलईडी आणि दोन मोबाईल मिळून ४० वॅट. इन्व्हर्टर स्वतःच १५ खातो, हे कुणी धरत नाही. रोज चारच तास चालू ठेवून मग इन्व्हर्टरचं समोरचं बटण बंद केलंत तर साडेचार दिवस जातील. नुसतं चालू सोडलंत तर दोन. बॅटरी पन्नास किलोच्या पुढं असते, ती पाणी आल्यावर जिन्यानं चढत नाही. जूनमध्येच वर न्या.

पंचगंगाकाठ
संडासाचं मान्य. उपाय मात्र आहे: झाकणाची बादली, आत जाड पिशवी, प्रत्येक वेळी वर दोन मुठी राख किंवा लाकडाचा भुसा. लघवी वेगळी ठेवली तर वास बराच कमी.

टाकीच्या पाण्याला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५०० ला अडीच. सरळ टाकीत फेकू नका. मगभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणीच ओता आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. गेल्या वर्षीची उघडी पुडी असेल तर टाकून द्या, तिच्यात नुसता चुना उरलेला असतो.

नाल्याकडचा
बादली दहा दिवस? एका घराला ठीक आहे, तीन मजली इमारतीत कोण कुणाची उचलणार? आणि पूर लगेच उतरत नाही. पुढं नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेला जायला वाटच नसते. दहाचे बारा झाले तर?

घरी राहणारे आणखी एक चूक करतात. पाणी उतरताच चिखल धुवायला लागतात. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि भिजलेलं सामान यांचे फोटो काढा, पंचनाम्याला तेच लागतं. मग गाळ ओला असतानाच ओढा, वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. पायात गमबूट हवाच. जखमेतून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस) जंतू शिरतो.

सासनेवाडी
दोघंही तब्येत धडधाकट धरून बोलताय. घरात इन्सुलिनवाली आजी असेल तर? दहा दिवस बर्फ कुठला?

पंचगंगाकाठ
ताई, वापरात असलेली कुपी ३० अंशांखाली साधारण चार आठवडे चालते, आणि भर पावसात आपल्याकडं तेवढा पारा चढत नाही. न उघडलेल्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. पण घरात डायलिसिसचा पेशंट असेल तर मी माझ्याच मताविरुद्ध जातो. तिथं ३९ लाही थांबू नये. राधानगरीचा पहिला दरवाजा उघडल्याचं कळलं की त्याच दिवशी दवाखान्याच्या बाजूला मुक्काम हलवायचा.