प्रार्थनेचा विषय : विदर्भातल्या मंडळ्यांमधले आपले अनुभव

सगळ्यांना सलाम.

हा धागा उघडायचं दोन वर्षं पुढे ढकलत होतो. मी अमरावती जिल्ह्यातला, चाळिशीला टेकलेला, समलिंगी, आणि आजही दर रविवारी उपासनेला जाणारा. आजोबा मिशन बंगल्यावर माळी होते, बाप्तिस्मा तिथेच झाला. आमची मंडळी, म्हणजे एका चर्चची माणसं, पस्तीस घरांची. वेचणीला एकमेकांच्या वावरात जाणारी, मयताचा खड्डा स्वतः खणणारी. पुण्या-मुंबईत एका चर्चमध्ये जीव रमला नाही तर माणूस दुसरं शोधतो. इथे चर्च एक, कब्रस्तान एक. मंडळी सोडली तर मला आईशेजारी माती मिळणार नाही. म्हणून शहरातले अनुभव वाचून माझं समाधान होत नाही.

बुधवारी घरसभा संपताना पाळक विचारतात, "प्रार्थनेचे विषय सांगा." कुणाचं सोयाबीन पिवळं पडलेलं, कुणाची सून माहेरी गेलेली. २०१४ च्या पावसाळ्यात माझ्या आईने माझं नाव घेतलं. "माझ्या लेकाची वाट चुकली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. शिवी कुणी दिली नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. त्या दिवशीच्या यादीत शेजारच्या काकांचा मूतखडाही होता. सहा महिन्यांनी खडा पडला, काकांनी उभं राहून साक्ष दिली, त्यांचा विषय यादीतून निघाला. माझा चार वर्षं राहिला. कुणी रागावलं असतं तर मी भांडलो असतो. माझ्यासाठी उपास धरून रडणाऱ्या मावशीशी कसं भांडू?

तुमच्या मंडळीत काय झालं ते लिहा. स्वतःचं, मुलाचं, मित्राचं. गावाचं, चर्चचं, पाळकांचं नाव नको.

सिस्टर, वऱ्हाड

मी नर्स, आता निवृत्तीला आले. मी आणि ती एकोणतीस वर्षं एका क्वार्टरमध्ये राहतोय. कुणाला कधी काही वाटलंच नाही, कारण मिशनमध्ये लग्न न केलेल्या दोघी बायका एकत्र राहणं जुनंच. आधीच्या मिससाहेबही अशाच राहायच्या. उलट महिला मंडळात आमचं उदाहरण द्यायचे, दोघींनी सेवेसाठी संसार केला नाही म्हणून. ते ऐकून मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांचा गुन्हा काढला, टीव्हीवर दिवसभर तेच. ९ तारखेच्या रविवारी संदेश सदोमावर होता, म्हणजे पापामुळे देवाने जाळलेल्या बायबलमधल्या शहरावर. सदोम मी लहानपणापासून ऐकलाय, पण त्या दिवशी पुढच्या बाकावरच्या दोघीजणी वळल्या आणि आमच्याकडे बघितलं. तेव्हापासून आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसतो. कुणी सांगितलं नाही, आम्हीच ठरवलं. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर घ्यायच्या विधीला, ती माझ्या पुढच्या रांगेत असते. तिचे पांढरे झालेले केस मागून दिसतात.

कॅरोल

माझं थोडक्यात. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला नोव्हेंबरात काढलं. डिसेंबरात कॅरोलची गाडी आली. बाबांनी नेहमीसारखा साठ कप चहा टाकला होता, ताटात करंज्या. पेट्रोमॅक्स, ढोलक, पोरांचा आवाज, सगळं गल्लीच्या तोंडाशी आलं आणि आमच्या दारावरून तसंच पुढे गेलं. बाबा फाटकात उभे राहिले, मग आत येऊन गॅस बंद केला. चहाबद्दल आम्ही आजपर्यंत बोललो नाही.

निवृत्त पाळक

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळला होती. मी तिथे शिकलो. ग्रीक शिकलो, या विषयावर मात्र कुणी एक तास घेतला नाही. बायबलमधला, याच्या विरोधात दाखवतात तो रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय पाठ होता, तेवढ्यावर तीस वर्षं काढली.

माझ्या मंडळीत एक ढोलक वाजवणारा पोरगा होता. त्याच्याबद्दल कागद आला, निनावी. मी त्याला बोलावलं, विचारलं, त्याने खोटं सांगितलं नाही. मंडळीचा कारभार बघणारे वडीलजन बसले आणि शिस्त म्हणून सहा महिने प्रभुभोजन बंद केलं. पहिल्या रविवारी भाकर वाटत मी त्याच्यापाशी पोचलो. त्याने सवयीने ओंजळ पुढे केली, मग आठवण होऊन मागे घेतली. ती ओंजळ मला अजून दिसते. सहा महिने पुरे व्हायच्या आत तो सुरतेला निघून गेला.

त्यानंतर मी नव्याने वाचायला बसलो. यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमाचा दोष म्हणून गर्व, पोटभर अन्न आणि गरिबाला हात न देणं सांगितलंय. आम्ही ते वचन कधी संदेशाला घेतलं नव्हतं. प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. इथिओपियाचा षंढ सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण? फिलिप्प वडीलजनांची बैठक बोलावत नाही, दोघं सरळ पाण्यात उतरतात.

लोक म्हणतात हे विदेशी खूळ. कलम ३७७ तर १८६० च्या दंडसंहितेत इंग्रजांनीच घातलं होतं. आणि मिशनरी हिस्लॉपसाहेब ज्या स्कॉटलंडहून १८४५ साली नागपूरला आले, तिथल्या चर्च ऑफ स्कॉटलंडने २०२२ साली आपल्या पाळकांना समलिंगी लग्नं लावायची मोकळीक दिली. मी एवढं पुढे जात नाही, चर्चमधल्या लग्नाबद्दल माझं मन ठरलेलं नाही. पण राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात. तिथे मानवी लैंगिकतेवर चर्चा होतात, त्यातलं एक पान माझ्या गावी आलं नाही आणि मीही मागवलं नाही. त्या पोराचा फोन मी दोनदा लावला. दुसऱ्यांदा उचलला. मी म्हटलं, "बेटा, ते अडवायचा मला अधिकार नव्हता." तो म्हणाला, "ढोलक कोण वाजवतं आता?"

एक माय, यवतमाळ

मी बोलून रायली, पोरगी टाइप करून रायली. माह्या पोरानं मले सांगतलं तवा मले वाटलं भूत लागलं. एका मोठ्या सभेत घेऊन गेली. तीन दिवस उपास. चार जणानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून गदागदा हालवलं. त्याचा चश्मा खाली पडला. त्यानं उचलला नाही, मीच उचलला, काडी तुटली होती. घरी येताना बसमंदी तो मले म्हणे, "माय, मी असाच हाव व."

मंग नागपूरले डॉक्टरीणबाईकडे गेलो. थे म्हणे मावशी, हा रोग नोहे, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच रोगाच्या यादीतून काढला. कोणी डॉक्टर पोराले बदलवून देतो म्हणन तर त्याच्यावरच कारवाई होते म्हणे, २०२२ पासून तसा नियम हाय. मले थ्या सभेत कोणी काऊन सांगतलं नाही? चश्मा म्या ठेवला हाय तसाच. नवा घेऊन देला त्याले.

चांदा

मी कॅथलिक. आमचे फादर केरळचे, आमचा धर्मप्रांत सिरो-मलबारांचा, म्हणजे केरळच्या कॅथलिक परंपरेचा. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ३७७ परत आलं तेव्हा मुंबईच्या कार्डिनल ग्रेशस यांनी समलिंगी माणूस गुन्हेगार नाही असं जाहीर म्हटलं होतं. ते कात्रण मी मिसाच्या पुस्तकात ठेवलं होतं. १८ डिसेंबर २०२३ ला रोमहून पत्रक आलं की अशा जोडप्याला, लग्नविधीसारखं न दिसेल असा, आशीर्वाद देता येईल. मी फादरांना विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. "इथे मंडळी फुटेल," म्हणाले. मग कपडे बदलायच्या खोलीत माझ्या कपाळावर क्रूस काढला. जोडीदार बाहेर मोटारसायकलपाशी उभा होता. त्याला आत बोलवा असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणालो नाही. ते मला आता लागतं.

मेळघाट

माझ्या चुलत भावाचं सांगतो. आम्ही कोरकू आदिवासी, पाड्यावर अकरा घरं ख्रिस्ती विश्वासात आहेत. धर्मांतराच्या नावाने आमच्या घरसभेवर आधीच सगळ्यांचा डोळा. भावाचं कळलं तेव्हा वडीलजनांच्या तोंडून पाप हा शब्द आला नाही. पहिलं वाक्य होतं, "हे बाहेर जाऊ देऊ नका." मला त्यांचा राग येतो आणि भीतीही समजते. जे आधीच कोपऱ्यात ढकललेले, ते आपल्यातल्याच एकाला आणखी आत ढकलतात. भाऊ आता परतवाड्याला गॅरेजमध्ये काम करतो. गुड फ्रायडेला आला होता, दाराबाहेर बसून ऐकलं. आत ये म्हणायला मी उठलो होतो, तर माझ्या आधी आजी उठली.

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. सिस्टर, बायका फार कमी लिहितात, तुम्ही आणखी लिहा. पाळकसाहेब, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल उपकार. वडीलजनांसमोर कधी हे बोलता आलं तर बोला, माझ्यासारख्याचं तिथे कुणी ऐकत नाही. जवळ कुणीच नसेल त्यांनी नागपूरच्या सारथी ट्रस्टकडे चौकशी करा. तिथे आपली माणसं भेटतात.

माझं पुढचं एवढंच. परवा बुधवारी घरसभा आमच्याकडे होती. विषय विचारल्यावर आई म्हणाली, "माह्या लेकाच्या मित्राच्या वडलांचं नागपूरले ऑपरेशन हाय." एका मावशीने विचारलं, कोणता मित्र? आई म्हणाली, "थोच." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशीने वही काढून तारीख विचारली, मंगळवार असं लिहून घेतलं, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.