बापाला सोडून देणारं पुस्तक आपल्याला एवढं का आवडावं?

दुसरं गेट
परवा रविवारी बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या कट्ट्यावर जिरो तानिगुचीच्या ‘अ डिस्टंट नेबरहुड’वर बोलणं झालं. आठजण होतो. बहुतेकांचे डोळे ओले, आणि मी एकटाच वैतागून घरी आलो.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. 1998 ची जपानी चित्रकादंबरी. 48 वर्षांचा हिरोशी नाकाहारा क्योटोच्या कामावरून परतताना, रात्रीची उतरली नसताना, चुकीच्या गाडीत बसतो आणि आपल्या जुन्या गावी, कुरायोशीला पोचतो. आईच्या थडग्यापाशी त्याला भोवळ येते. जागा होतो तेव्हा साल 1963, अंग 14 वर्षांचं, डोकं मात्र 48 चंच. त्याच वर्षी त्याचा शिंपी बाप कुणाला न सांगता घरातून निघून गेलेला. आता त्याला अडवायचं, म्हणून पोरगं जंग जंग पछाडतं. शेवटी स्टेशनवर गाठतं आणि अडवत नाही.

माझी तक्रार तिथंच आहे. बायको आणि दोन पोरं टाकून जाणाऱ्याला ‘त्याला स्वतःचं आयुष्य जगायचं होतं’ म्हणून निरोप द्यायचा? बापाच्या वाट्याला किती पानं आणि आईच्या वाट्याला किती, एकदा मोजा. शिवाय 48 वर्षांचं डोकं घेऊन वर्गातल्या पोरीबरोबर फिरणं कुणालाच कसं खटकलं नाही? सुंदर रेघांखाली सगळं खपतं, एवढंच.

निपाणी स्टँड
मी हे पुस्तक दोनदा वाचलो. रडलो नाही, पण त्या रात्री तंबाखूच्या वखारीवरनं घरी जाऊन पोरग्याशेजारी बसलो. हिरोशी स्वतःसुद्धा दारू पिऊन बायको-पोरींकडं पाठ केलेला माणूस आहे, हे तुम्ही गाळलात की. बापाला माफी देण्याचं पुस्तक नव्हे वो ते. आपण कुठल्या वाटेला लागलोय ते त्याला दिसतंय.

पेठेतला
‘वाचलो’ नव्हे, ‘वाचलं’.

निपाणी स्टँड
आमच्याकडं ‘वाचलो’च म्हणतात, साहेब. तुम्ही पुस्तकावर बोला की.

पेठेतला
मुळात जपानला जायचंच कशाला? संतांच्या कथांमधला पोरगा लंपन आपल्याच मातीतला. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ 1994 चं. पुढच्या पुस्तकांतून लंपन मोठा होत जातो आणि ‘झुंबर’मध्ये त्याचे बाबा जातात. एकही चित्र न काढता संतांनी जे केलं, त्यासाठी तानिगुचीला एवढी पानं लागली. घरं, विजेचे खांब, तारा, छपरं, सगळं मोजून काढलेलं. माझ्या डोळ्यांपुढचं गाव त्यानं मला उभं करूच दिलं नाही. फ्रेंचांनी 2003 मध्ये अंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात बक्षीस दिलं म्हणून आपणही मान डोलवायची का?

लोंडा पॅसेंजर
पेठेतले, लंपन माझाही जीव आहे. पण त्याच्याकडं हळहळ आहे, पश्चात्ताप नाही. त्याचं वयच नाही ते! पश्चात्तापाला दोन वयं लागतात: एक चुकणारं आणि एक ते कळणारं. ती दोन्ही एकाच चौकटीत, एकाच तोंडावर दाखवणं चित्राला जमतं. चौदा वर्षांचं पोर जेवायला बसलंय, समोर आई वाढतेय, आणि पोराच्या डोळ्यांत एक पन्नाशीला आलेला माणूस आहे. हे लिहायला गेलं की ‘तो मनातल्या मनात म्हणाला’ सुरू होतं.

दुसरं गेट, आईचं म्हणाल तर पटतं. त्या बाबतीत आपलं बेळगाव नशीबवान. प्रकाश संतांचे वडील ना. मा. संत 1946 मध्ये गेले तेव्हा प्रकाश नऊएक वर्षांचा. आई, कवयित्री इंदिराबाई संत, इथंच राहिल्या आणि ते दुःख आयुष्यभर कवितेत लिहीत राहिल्या, मुलानं पुढं कथा लिहिल्या. एकाच घरातली दोन्ही माणसं बोलली. हिरोशीच्या घरात फक्त मुलगा बोलतो.

दुसरं गेट
पण संत गेले ते मरणानं. सोडून गेले नाहीत. दोन्ही एका तागडीत घालू नका.

कांडीवाली
मी शहापूरची. एरवी नुसतं वाचून जाते, आज लिहिते.

माझे वडील शिंपी होते. मी सातवीत असताना एका संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून गेले ते गेलेच. पुढं कळलं, गोव्यात आहेत. दुकानात अकरा जणांचं कापड पडून होतं, प्रत्येकाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली. कुणाचा झब्बा, कुणाची पँट, एक लग्नातला सफारी. आईनं ते सगळं पिशवीत भरलं आणि दारोदार फिरून परत केलं. मी बरोबर होते. सफारीवाल्यांच्या दारात ती म्हणाली, ‘त्यांची तब्येत बरी नाही.’ सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तरी त्या बाईंनी ‘काळजी घ्या हां’ म्हणून आमच्या हातावर चहा ठेवला.

दिवाळीच्या आधी तीनशे रुपयांची मनिऑर्डर आली. आई मागासमोर कांड्या भरायला गेलेली, घरात मी एकटी. पोस्टमनला मी सांगितलं, ‘ती माणसं इथनं गेली.’ तो मला ओळखत होता. काहीच बोलला नाही, सायकल वळवली. परत कधी मनिऑर्डर आली नाही. वडील वास्कोतच वारले, 2006 मध्ये.

पुस्तकात बाप मशीनवर बसलेला पाठमोरा दिसतो ना, मान खाली घातलेली, त्या चित्रावर मी अडकले. माझ्या वडिलांची मान अशीच होती. बाप बरोबर की चूक ह्या वादात मला पडायचं नाही. तो पोरगा स्टेशनवर त्याला जाऊ देतो, पण समोर उभा राहून. मी तेवढं केलं नाही.

दुसरं गेट
ताई, काय बोलावं सुचेना. राग मानू नका, पण तुम्ही चार ओळींत पोस्टमनची सायकल वळवलीत ती मला दिसली. चित्र लागलंच नाही. म्हणजे पेठेतल्यांचंच म्हणणं खरं ठरतं.

कांडीवाली
राग कसला वो. पण सायकल तुम्ही तुमच्या मनानं बघितलात. ती हिरवी होती आणि मागच्या चाकाला मडगार्ड नव्हतं. हे मी लिहिलं नव्हतं. काढून दाखवलं असतं तर तुम्हालाही तीच बघावी लागली असती. पेठेतल्यांना जे नको वाटतं, तेच मला हवं होतं.

पेठेतला
हं. हा मुद्दा आहे. लंपन वाचताना प्रत्येकजण आपापलं गाव लावतो, हे मला मोठेपण वाटतं. तुम्हाला तुमचंच गाव हवंय, दुसऱ्याचं नाही. तरी मी म्हणेन, 1963 चं कुरायोशी काही तुमचं नव्हे.

कांडीवाली
मान माझी होती.

निपाणी स्टँड
ताई, तुमच्या आईंनी हे पुस्तक बघितलंय काय?

कांडीवाली
आई इंग्रजी वाचत नाही. चित्रं दाखवली मागच्या आठवड्यात. शिवणाच्या पानावर थांबली आणि म्हणाली, ‘ह्यानं टेप गळ्यात चुकीचा घातलाय.’ मग उठून वडिलांची मापांची वही काढून आणली. मला वाटायचं ती कधीच रद्दीत गेली. त्यात माझ्या सातवीच्या गणवेशाचंही माप आहे. मनिऑर्डरचं मी आईला अजून सांगितलेलं नाही.

दुसरं गेट
आईंच्या बाजूचं एक तरी वाक्य मिळालं. आमच्या प्रतीतलं ते पान आज परत काढून बघतो. पुस्तक कुणाला हवं असेल तर रविवारी दुसऱ्या रेल्वे गेटापाशी या, फक्त पावसात भिजवू नका.