मुलीच्या वंशवृक्षात भावाच्या जोडीदाराचं नातं काय लिहायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार. नेहमीच्या आयडीने लिहिलं असतं तर अर्ध्या नातेवाइकांनी ओळखलं असतं, म्हणून हा नवा आयडी. लांबलं तर सांभाळून घ्या.

लेक चौथीत आहे. शाळेत प्रकल्प म्हणून वंशवृक्ष करायला सांगितलाय. कार्डशीटवर झाड, फांद्यांवर चौकोन, चौकोनात फोटो आणि खाली नातं. सगळं तिचं तिने केलं. आजोळच्या फांदीवर माझा धाकटा भाऊ आणि त्याला अगदी चिकटून त्याचा जोडीदार. दोघं सात वर्षं पुण्यात एकत्र राहतात. दिवाळीला दोघंही येतात, भाऊबीजेला मी दोघांनाही ओवाळते. लेक एकाला मामा म्हणते, दुसऱ्याला काका.

मी कणीक मळत होते. ती म्हणाली, "मामाच्या शेजारी मामी असते ना? मग काकाच्या खाली काय लिहू?"

"मामाचा मित्र लिही."

"पण बाबांचे मित्र कुठे झाडावर घेतलेत?"

मी "बघू नंतर" म्हणून वेळ मारून नेली. संध्याकाळी पाहिलं तर सासूबाईंनी काकाचा फोटो अलगद काढलेला. डिंकाबरोबर कागदाचा पापुद्राही निघाला होता. लेकीने त्या जागी स्केचपेनने फूल काढलं आणि नंतर एका शब्दाने काही विचारलं नाही. ते जास्त लागलं मला.

सासूबाई वाईट नाहीत हो. दोघं निघताना फराळाचे दोन डबे वेगवेगळे भरून देतात. "घरात काय ते असू दे, शाळेत कशाला?" एवढंच त्यांचं म्हणणं. नवरा म्हणतो, बारा-तेराची होऊ दे, मग एकदम सगळं सांगू. (एकदम सगळं! मला पाळी आली त्या दिवशी आईने "आता सांभाळून राहा" एवढंच सांगितलं होतं. कशापासून, ते कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.) जाऊबाई म्हणतात, असलं मुलांच्या डोक्यात भरलं की परिणाम होतो.

नऊ वर्षांच्या मुलीला यातलं किती सांगायचं? हे सांगायचं तर शरीराचंही सगळं सांगावं लागेल का? तिथेच गाडी अडते आहे.

---

दोन_मुलग्यांची_आई:

ताई, मामा-मामीबद्दल सांगताना आपण त्यांच्या खोलीत काय चालतं ते सांगतो का? मग इथे कशाला? "मामाचं आणि काकाचं एकमेकांवर प्रेम आहे, ते जोडीदार आहेत, मामा-मामी असतात तसे." झालं. माझ्या धाकट्याने हे ऐकून पुढचा प्रश्न विचारला तो "आज भेंडी आहे का?"

शरीराचं वेगळं आणि तेही हळूहळू. अवयवांची खरी नावं, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणायचं, कोणी "आईला सांगू नको" म्हटलं तर तेच आधी आईला सांगायचं. पाळी लवकर येते हल्ली, तेव्हा तेही आत्ताच. पण फोटो काढला आणि कोणी काही बोललं नाही, यातून तिला कळलं की या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात. मोठी होऊन काही झालं तर ती येईल का सांगायला? मला फोटोपेक्षा त्याची काळजी वाटते.

---

कोर्टाची_पायरी:

"मग लग्न का नाही केलं?" हे ती विचारणारच, तयारी ठेवा. उत्तर खरं द्या. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमातून प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना वगळलं. म्हणजे असं नातं गुन्हा नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाला मान्यता दिली नाही, ते संसदेचं काम म्हटलं. मुलीला एवढंच सांगा: आपल्या कायद्यात अजून सोय नाही. २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलंय की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरा. सासूबाईंना हे जरूर सांगा, रेशनकार्डाला त्या पिढीत फार मान आहे.

---

बालरोगवाला:

जाऊबाईंसाठी: ऐकून कोणी समलिंगी होत नाही आणि न ऐकून व्हायचं राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून हे काढलं. कोणी "बरं करून देतो" म्हणालं तर २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या लेखी तो डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार आहे.

आणि शाळा शिकवेल म्हणून थांबू नका. २००७ मध्ये आपल्या राज्याने लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रमच बंद केला होता. २०२१ मध्ये एनसीईआरटीने पारलिंगी (ट्रान्सजेंडर) मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, ती काही दिवसांत संकेतस्थळावरून गायब झाली. गंमत बघा, र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना मराठीत उत्तरं देत होते. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. हरले, ती गोष्ट वेगळी.

समलिंगी मुलांच्या पालकांचा 'स्वीकार' नावाचा गट आहे. तुमच्या आईवडिलांना उपयोग होईल. कुणाशी नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. काल रात्री अंथरुणं घालताना सांगितलं, जवळजवळ वरच्याच शब्दांत. तिने मधे थांबवलं नाही. फोटो सासूबाईंनी फेकला नव्हता, पोथीत जपून ठेवला होता. मी मागितल्यावर न बोलता काढून दिला. पापुद्रा निघालेल्या जागी चिकटत नव्हता, म्हणून फुलावरच लावलाय, चारी बाजूंनी पाकळ्या दिसतात.

सोमवारी जमा करायचंय. बाईंना आधी फोन करून ठेवू, की काहीच न बोलता पाठवू? कोणी केलंय का असं? जरा लवकर सांगा, ती आत्ता स्केचपेन घेऊन शेजारी बसलीय आणि विचारतेय, जोडीदारमधली 'डी' पहिली की दुसरी.